बीए अर्थशास्त्र, मायनर कॉम्प्युटर ॲप्लिकेशन: घ्यायचं की नाही?

आधी निकाल सांगते, कारणं मागून. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र असं आकड्यांशी संबंध येणारं काही असेल, तर कॉम्प्युटर ॲप्लिकेशन मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, म्हणून जरूर घ्या. ‘आयटीत लागेन’ या आशेवर घेत असाल तर मात्र घेऊ नका. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे कळेलच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण शेवटचं सेमिस्टर अजून तिथेच काढायचं आहे. नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागलं, म्हणजे आमची बॅच पहिलीच. पहिली बॅच म्हणजे काय, तर ना जुन्या प्रश्नपत्रिका, ना सिनिअरच्या जर्नल. सगळं आपणच पहिल्यांदा लिहायचं आणि पुढच्या पोरांनी आपलं उतरवून काढायचं.

मायनरला साधारण 18 ते 20 क्रेडिट असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास, हा हिशोब डोक्यात ठेवा. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे कागदावर 60 तास लॅब. आमच्या लॅबमध्ये बावीस मशीन, त्यातली चालू पंधरा-सोळा, आणि एका मशीनवर दोघी. त्या 60 तासांत कीबोर्ड नेमका किती वेळ हातात आला हे कुणाला विचारू नका. माझी पार्टनर टायपिंगची परीक्षा दिलेली, त्यामुळे माऊस माझ्याकडे आणि कीबोर्ड तिच्याकडे अशी आमची वाटणी झाली होती.

सुरुवातीचा पेपर म्हणजे कॉम्प्युटर फंडामेंटल. इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस, पिढ्या, बायनरी. ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांना अर्धं पाठ असतं. ढकलायचा आणि पुढे जायचं. फक्त बायनरीचं युनिट ऑप्शनला टाकू नका, का ते लगेच सांगते.

खरा पैसा वसूल होतो तो स्प्रेडशीटमध्ये. पुस्तकातली उदाहरणं नेहमीचीच: दहा विद्यार्थी, पाच विषय, टक्केवारी काढा, ‘इफ’ लावून पास-नापास दाखवा. याने काही येत नाही. आमच्या मॅडमनी असाइनमेंटला सांगितलं, घरातला खराखुरा डेटा आणा. आमच्या घरी दोन जर्सी गाई, दूध डेअरीला जातं. आप्पांच्या खणात दुधाच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या होत्या, मी त्याच घेऊन गेले. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम.

गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या वर-खाली गेलं की दरही हलतो. त्याचं दरपत्रक असतं: आडवं फॅट, उभं एसएनएफ, आणि जिथे दोन्ही भेटतात तो दर. व्हीलूकअप हे शोधायचं सूत्र इथे पुरत नाही, कारण ते फक्त उभ्या रकान्यात शोधतं. इंडेक्स आणि मॅच जोडून लावावं लागतं: मॅच जागा शोधतं, इंडेक्स तिथला आकडा आणतं. ते लावलं, तर काही पावत्यांना दर बरोबर आणि काहींना सरळ ‘एन/ए’. आकडा डोळ्यांना तोच दिसतोय, तरी सापडत नाही! मॅडमनी वरच्या ओळीवर क्लिक करून दाखवलं. फॅटचे आकडे हाताने न भरता आधीच्या खान्यात 0.1 मिळवत ओढत नेले होते. 0.1 हा आकडा बायनरीत पुरता मावतच नाही, म्हणून पुढे जाता जाता दशांशाच्या पार शेवटच्या घरांत फरक साचतो आणि मॅचला तो वेगळा आकडा वाटतो. आकड्याभोवती ‘राउंड’ गुंडाळून तो एका दशांशावर आणला की काम झालं. बायनरीचं युनिट ऑप्शनला टाकू नका म्हटलं ते यासाठी.

मग पिव्होट टेबल, म्हणजे गट पाडून बेरीज-सरासरी काढून देणारा तक्ता. सकाळ आणि संध्याकाळचं सरासरी फॅट वेगळं काढलं. संध्याकाळचं जास्त. आणि हिरवी वैरण भरपूर होती त्या महिन्यांत फॅट खाली. मी मोठ्या कौतुकाने आप्पांना चार्ट दाखवला. ते म्हणाले, “संध्याकाळचं दूध घट्ट असतंय हे आमच्या आईला पण ठाऊक होतं. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय?” पण आता दर दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला की पावत्या माझ्यापुढे टाकतात. बेरीज माझ्याकडून तपासून घेतात, खात्यावरची रक्कम नंतर बघतात. रिव्ह्यूमध्ये याला किती स्टार द्यायचे कळत नाही.

डेटाबेसचा पेपरही चांगला आहे, शिकवायला कुणी असेल तर. तिथे मॅडम बदलल्या. आमच्याकडे कॉम्प्युटरचे बहुतेक प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, आणि त्यांच्या नेमणुका होईपर्यंत सेमिस्टरचा पहिला महिना निघून जातो. त्यात दोष मॅडमचा नाही. मानधन तासावर आणि तेही वेळेवर नाही, म्हटल्यावर चांगली माणसं टिकणार कशी? पण फटका आपल्यालाच बसतो. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा न लिहिता वेगवेगळ्या टेबलांत वाटणं, दोन तासांत उरकलं. मला ते समजलं ते पुन्हा दुधाच्याच पावतीवरून: प्रत्येक पावतीवर उत्पादकाचं नाव, गाव, बँक खातं पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? उत्पादकाचं टेबल वेगळं, संकलनाचं वेगळं, मधे कोड नंबर. डेअरीत सभासदाला कोड असतोच. तीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येकाची वेगळी ओळख. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं हेच विचारलं आणि मी पुस्तकातली व्याख्या न सांगता डेअरी सांगितली. सर हसले, मार्क चांगले दिले.

इथे एक गंमत, किंवा वैताग. लॅबमधलं मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, इतकं जुनं की टेबलात मराठी नाव घातलं की परत येताना प्रश्नचिन्हांची रांग. ‘????’. कारण जुन्या आवृत्त्यांत मुळातला कॅरॅक्टर सेट, म्हणजे साठवता येणाऱ्या अक्षरांचा संच, ‘लॅटिन वन’ असतो, त्यात देवनागरी बसतच नाही. 2018 साली आलेल्या आवृत्ती 8 पासून ‘यूटीएफ-8’चा पूर्ण संच आपोआप मिळतो, त्यात देवनागरी बसते. जुन्यातही टेबल बनवतानाच कॅरॅक्टर सेट लिहून दिला की मराठी नीट साठतं. एका ओळीचं काम. सिलॅबसमध्ये ती ओळ नाही. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) हा शब्द फंडामेंटलच्या पेपरात दोन मार्कांच्या टीपेपुरता येतो. आणि बाहेर तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून जुन्या फॉन्टमधल्या फायली, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की गिचमिड. महाराष्ट्रातल्या मायनरमध्ये मराठीत डेटा कसा ठेवायचा हे नको का? अर्धा गुण इथे कापला.

प्रोग्रॅमिंग. आधी सी, मग पायथन. सी साठी आमच्याकडे टर्बो सी, तीच निळी स्क्रीन, मुळात 1990च्या आसपासचं सॉफ्टवेअर, आजच्या विंडोजवर डॉसबॉक्स (जुनी सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्रॅम) लावून चालवतात. त्यात शिकलेला प्रोग्रॅम घरी फोनवरच्या कंपायलरमध्ये घातला की पहिल्या काही ओळींतच एरर, कारण ‘कोनिओ’ची हेडर फाइल, म्हणजे टर्बोसोबत येणारी पूरक फाइल, तिथे नसतेच. सरांना विचारलं तर म्हणाले, “परीक्षेत हेच लिहायचं.” बरं.

पायथनमध्ये मात्र मजा आली. जर्नलमध्ये एक प्रोग्रॅम आहे: शब्द उलटसुलट सारखा आहे का बघा. सगळे इंग्रजीतलं ‘मॅडम’ घालतात आणि उत्तर ‘ट्रू’. मी ‘नवजीवन’ घातलं. उत्तर ‘फॉल्स’! लॅबमध्ये हशा. झालं असं की आपण ‘जी’ एक अक्षर मानतो, पायथन ‘ज’ आणि वेलांटी असे दोन तुकडे मोजतो, आणि उलटताना वेलांटी ‘ज’ला सोडून ‘व’ला जाऊन चिकटते. छापून बघितलं तर ‘नवीजवन’. तो तास मॅडमनी सिलॅबस बाजूला ठेवून यावरच घेतला. असा एखादा तास प्रत्येक युनिटला मिळाला असता तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आता जर्नल. उरलेला एक गुण इथेच गेला. प्रोग्रॅम हाताने लिहायचे, आउटपुट हाताने लिहायचं, कव्हर, अनुक्रमणिका, सर्टिफिकेटचं पान, प्रत्येक प्रॅक्टिकलवर सही. कॉम्प्युटरच्या विषयात निळ्या पेनने स्क्रीन काढायची! सबमिशनच्या आठवड्यात लॅब रिकामी आणि व्हरांडा भरलेला, सगळे भिंतीला टेकून उतरवतायत. प्रिंट चालत नाही, का तर ‘मुलं कॉपी करतात’. हाताने तर काय करतात?

कॉलेजच्या लॅबवर अवलंबून राहू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये लिबरऑफिस, सी, पायथन यांचे धडे मराठी आवाजातही आहेत, फुकट. लॅपटॉप नसेल तर फोनवर पायथन चालवणारं पायड्रॉइड ॲप टाका, किंवा ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा. मी पायथनचं बरंचसं फोनवरच केलं. डोळे दुखतात, पण होतं.

बीसीएशी, म्हणजे कॉम्प्युटरच्याच पदवीशी, तुलना करू नका. बीसीएला 2024 पासून सीईटी आली, तेव्हा आमच्या वर्गातल्या काही जणांनी ‘मग मायनर तरी घेऊ’ असा विचार केला. त्यांची निराशा झाली. डेटा स्ट्रक्चर, नेटवर्किंग इथे नावापुरतं. पण माझ्या मेजरच्या प्रकल्पाला, बाजारसमितीतल्या भावांचे आकडे मांडायला, हे मायनर जेवढं उपयोगी पडलं तेवढा दुसरा कुठलाच पेपर पडला नाही. आणि वर्गातल्या एकीला पतसंस्थेत काम लागलं ते एक्सेलवरच.

फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी बघा: शिकवणाऱ्यांची नेमणूक झालीय का, आणि लॅब चालू असताना आत डोकावून किती स्क्रीन पेटलेल्या आहेत. बॅच मागायची संधी मिळाली तर सकाळची मागा. दुपारी आमच्याकडे लाइट जाते, आणि इन्व्हर्टरवर फक्त ऑफिस चालतं.