इंच-एमएमची 5 मीटर टेप, तीन महिने वापरल्यावर

मी पुण्यात किचन ट्रॉल्या बसवतो. आमच्या धंद्यात मापांची खिचडी असते. प्लाय 8 बाय 4 फुटांचा, पण जाडी 18 एमएम. गिऱ्हाईक ओट्याची उंची इंचात सांगतं, ट्रॉल्या येतात एमएममध्ये आणि मिस्त्री बोलतात सुतात. इंचाचे आठ सूत.

आधी मी मोबाइलवर हिशोब करायचो, तिथंच फसलो. 550 एमएमचे आले 21.65 इंच. तेच फोनवरून मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी धरलं 21 इंच साडेसहा सूत! खरं माप 21 इंच 5 सूत, वर जेमतेम पाऊण एमएम. ट्रॉली बसवायचा बॉक्स आतून 4 एमएम मोठा झाला आणि ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनल बाजूंना पोचेना. दोन्हीकडे सनमायकाचे दोन-दोन तुकडे घालून भागवलं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, पॉइंट सांगू नका, सूत सांगा."

म्हणून ही टेप घेतली, बोहरी आळीतून, 180 रुपयांना. वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला एमएम. 550 वर अंगठा ठेवला की वर पाच सूत दिसतात. गणितच नाही.

घेताना मात्र दुकानातच उघडून बघा. इंच म्हणजे नेमके 25.4 एमएम, त्यामुळे 5 इंचाची रेघ 127 ला आणि 50 इंचाची 1270 ला तंतोतंत भिडली पाहिजे. मला दिलेली पहिली टेप पन्नासला एमएमभर चुकत होती. दुसरीही थोडी इकडेतिकडे. "काका, टेप आहे, सोनं नाही," दुकानदार वैतागला. तिसरी जुळली. याच टेपवर पोराला दाखवलं, की 8 फूट 2438 च्या जरा पुढे संपतात आणि प्लायवर 2440 छापलेलं असतं.

टोकाचा हुक थोडा हलतो, तो दोष समजू नका. तो स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, म्हणून कडेला अडकवून घेतलेलं आणि भिंतीला टेकवून घेतलेलं माप सारखं येतं. आधीच्या टेपचा हुक आमच्या पोरानं हातोडीनं ठोकून 'घट्ट' केला होता. ती टेप गेली.

तक्रार आहे ती छपाईची. एमएमचे आकडे इतके बारीक, की चाळिशी लावल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्यात टेप आत जाताना खालची कड तोंडाशी घासते. तीन महिन्यांत 400 ते 600 मधल्या रेघा पुसट झाल्या, आणि माझं निम्मं काम तिथंच असतं. इंचाची बाजू मात्र अजून कोरी करकरीत. लॉक ठीक.

पुढची टेपही हीच घेईन, पन्नास इंच तपासून.