यकृतशुद्धीचे तीन मार्ग : पाणी किती प्यावे आणि फरक कशावरून ओळखावा?

सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ (यकृतात थोडी चरबी साचणे) असे शब्द दिसले की सांगली-मिरजेत सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. कोणी एप्सम सॉल्ट आणि ऑलिव्ह तेलाचा प्रयोग सुचवतो, कोणी आठवडाभर रसाहारावर राहायला सांगतो, तर कोणी वैद्यांकडे जाऊन विरेचन (औषधाने जुलाब घडवण्याचा आयुर्वेदिक उपचार) घ्यावे असे म्हणतो. यांपैकी कोणत्याही उपायाने यकृत ‘धुऊन निघते’ याला खात्रीचा पुरावा नाही, हे आधीच नमूद केलेले बरे. तरीही ज्यांचा विचार पक्का आहे त्यांनी प्रत्येक मार्गात शरीरातले पाणी व क्षार किती जातात आणि गुण आला की नाही हे कशावरून ठरवायचे, एवढे ताडून पाहावे.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते आतड्यात फारसे शोषले जात नाही, उलट पाणी ओढून घेते, आणि म्हणून पातळ जुलाब होतात. जुलाबावाटे पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही जात असल्यामुळे तांब्यामागून तांब्या साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम आणखी उतरू शकते. डोके दुखणे, मळमळणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. हे टाळण्यासाठी ओआरएस (मीठ-साखरेचे द्रावण) घोट-घोट घ्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि घामावाटे क्षार जातच असतात, तेव्हा हा प्रयोग करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर तो कधीच करू नये, कारण मॅग्नेशियम रक्तात साचून रक्तदाब आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

या प्रयोगाची खरी भुरळ असते ती दुसऱ्या दिवशी शौचातून पडणाऱ्या हिरवट, मऊ गोळ्यांची. ते पित्ताशयातले खडेच समजून अनेकजण त्यांचे फोटो काढून दाखवतातही. २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये अशाच एका रुग्णाच्या ‘खड्यां’ची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन किंवा कॅल्शियम सापडले नाही. बहुतांश भाग मेदाम्लांचा निघाला आणि ४० अंश सेल्सियसला ते वितळून गेले. म्हणजे प्यायलेल्या तेलापासून पोटातच साबणासारखे गोळे तयार झाले होते. खरे खडे मात्र पित्ताशयातच राहतात, आणि तेलामुळे पित्ताशय जोराने आकुंचन पावले तर एखादा खडा पित्तनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

रसाहारात पाणी सहसा कमी पडत नाही. कमी पडतात ती प्रथिने आणि मीठ. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण सोडल्यास साखर एकदम उतरू शकते. दुधीचा रस काढण्यापूर्वी कच्चा तुकडा चाखावा आणि कडू लागल्यास तो दुधी फेकून द्यावा, कारण कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. पहिल्या काही दिवसांत उतरणारे वजन मुख्यतः पाण्याचे असते.

विरेचनात निदान आधी प्रकृती पाहिली जाते, स्नेहपान (तूप-तेल पाजणे) आणि स्वेदन (घाम काढणे) होते, वेग (किती वेळा जुलाब झाले ते) मोजले जातात आणि नंतर पेजेपासून क्रमाने आहार वाढवला जातो. कोणीतरी जाणते माणूस लक्ष ठेवून असते, हा मोठा फरक. परंतु वेगांची संख्या म्हणजे यकृताची मोजणी नव्हे, आणि कोणते औषध दिले त्याचे नाव लिहून घ्यावे. वनस्पतीज असले म्हणजे निरुपद्रवी असते असे नाही. हळद आपल्या सांगलीची, पण आमटीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह येणारी कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

मोजायचेच असेल तर सुरुवातीपूर्वी एलएफटी (यकृताच्या कार्याची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम आणि साखर तपासून घ्यावी व नंतरची तपासणीही त्याच लॅबमध्ये करावी. एलएफटीतले एसजीपीटी (यकृतातले एक विकर) दोन-चार अंकांनी खाली-वर झाले तर तो फरक मानू नये. दररोज सकाळी लघवीनंतर वजन पाहावे. ७० किलोच्या माणसाचे वजन एका दिवसात दीड किलोने उतरले तर ते पाणी गेले असे समजावे. लघवी फिकट पिवळी असावी, मात्र बी-कॉम्प्लेक्सने ती गडद पिवळी आणि बिटाने लालसर होते, हे लक्षात ठेवावे.

माझ्या मते पहिला मार्ग सोडून द्यावा, निरोगी माणसाने दोन दिवस रस घेतल्याने फार बिघडत नाही, आणि विरेचन घ्यायचेच असेल तर अहवाल वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही दाखवून घ्यावे. फॅटी लिव्हरवर सर्वांत भक्कम आधार असलेला उपाय वेगळाच आहे : स्थूल व्यक्तीने काही महिन्यांत ७ ते १० टक्के वजन कमी करणे आणि दारू पूर्ण बंद करणे. डोळे पिवळे दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखून ताप येणे, उभे राहताच भोवळ येणे किंवा आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढचा डोस न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.