गिरगावातल्या गृहउद्योगाची कोरडी शिदोरी: रतनगड ते हरिश्चंद्रगडसाठी

ठाकुरद्वाराच्या नाक्यावरून आत वळलं की एका चाळीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. दुकान कसलं, दीड खणाची खोली, पुढे काउंटर आणि मागे भट्टी. नाव लिहीत नाही, कारण काकूंनीच बजावलंय, "नाव टाकू नकोस हं बाई, आहे तेवढंच पुरं पडत नाही." इथे लोक येतात ते भाजणी, मेतकूट आणि चटण्यांसाठी. मी गेले ते ट्रेकचं रेशन भरायला.

आमचा बेत रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत, तिथून पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा होता. स्टोव्ह नेणार नव्हतो. कसाऱ्याची लोकल पकडायची म्हणजे रेल्वेत गॅसची डबी चालत नाही. शिवाय हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, त्यात चूल पेटवणं म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी निव्वळ माजोरीपणा. त्यामुळे प्रत्येक पाकिटाला माझा एकच प्रश्न होता: वाडीतल्या घरातून थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून घेतलं, तर तेवढ्यावर हे खाता येईल का?

या परीक्षेत सातूचं पीठ पहिलं आलं. भाजलेले गहू आणि डाळं, वेलची बेताची, दळण अगदी बारीक. पन्नास ग्रॅम पीठ, वीस ग्रॅम गुळाची पावडर, गार पाणी, डबा बंद करून हलवा, झालं. गरम पाणीही लागत नाही. पिठाला नि गुळाला ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी धरल्या तर एका पेल्यात 280च्या आसपास जातात, आणि खिंडीच्या चढावर पोटाला जड होत नाही. दूध पावडर घालून आणखी छान लागतं. आमच्यातल्या एकीला सातू म्हणजे आजारी माणसाचं खाणं वाटायचं. ती दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात चमचा घालत होती.

तयार उपमाही उत्तम. रवा नीट खमंग भाजलेला, कढीपत्ता वाळवून चुरलेला, आणि ओलं खोबरं नाही, हे महत्त्वाचं. पाकिटावर 'पाच मिनिटे शिजवा' लिहिलंय. थर्मासच्या पाण्यात शिजवायला आच नसते, म्हणून मी घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालून झाकण लावून, डबा टॉवेलात गुंडाळून ठेवून पाहिला. पंधरा मिनिटांत दाणा फुलला. मीठ मात्र सढळ आहे. घाम गाळणाऱ्यांना ते चालतं, रक्तदाबवाल्यांनी आधी चव घेऊन पाहावी.

पिठलं प्रीमिक्सवर माझी भिस्त होती आणि ते पडलं. चवीला नाही, पद्धतीला. बेसन भाजलेलं असलं तरी आचेवर ढवळल्याशिवाय त्याचा कच्चट वास जात नाही, गुठळ्या होतात त्या वेगळ्याच. घरच्या गॅसवर हेच पिठलं इतकं सुरेख झालं की आईने दोन पाकिटं ठेवून घेतली. थालीपिठाची भाजणी तवा-तेलाशिवाय निरुपयोगी, तिच्याकडे बघूही नका. मेतकूट मऊ भाताशिवाय वाया जाईल असं वाटलं होतं, पण पातळ पोह्यांवर गरम पाण्याचा हबका मारून वर मेतकूट आणि मीठ-साखर घातली की नाश्ता होतो.

शेंगदाण्याच्या चटणीबद्दल काकू स्वतःच म्हणाल्या, "ही बरणीतली नको नेऊस, आठवडा झालाय. परवा ये, ताजी कुटून देते." दाण्याला तेल सुटतं आणि सॅकमध्ये उन्हाने ती लवकर खवट होते. गिऱ्हाइकाला असं सांगणारं दुकान मुंबईत किती उरलंय! सुक्या जवळ्याची चटणी मात्र मी हट्टाने घेतली. पाचनईत एका घरी गरम भाकऱ्या मिळाल्या, तेव्हा तिचं सोनं झालं. तोवरच्या वाटेत माझ्या सॅकच्या मागे चालायला कुणी तयार नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता कुरकुर. पॅकिंग वाईट आहे. पातळ पिशवी, तोंडाला स्टेपलरची पिन. अंधारात टॉर्चच्या उजेडात पाकीट फाडताना पिन उपम्यात पडली तर? मी सगळं घरी झिपच्या पिशव्यांत भरलं आणि प्रत्येकीवर पाण्याचं माप लिहिलं. काही पाकिटांवर तारीख नाही, तीही विचारून घ्यावी लागते. चांगली गोष्ट ही की एका प्रकाराचं किलोभर घेतलं तर काकू ऐंशी-ऐंशी ग्रॅमच्या पुड्या वजन करून देतात आणि तिखटही कमी-जास्त करतात.

मोठ्या दुकानांत ट्रेकिंगसाठी म्हणून जी तयार भाजी-भाताची पाकिटं मिळतात, त्यांच्याशी तुलना होणारच. त्यातली बरीचशी शिजवलेल्या ओल्या पदार्थाची असतात, एकेक पाकीट अडीचशे-तीनशे ग्रॅमचं. म्हणजे कसाऱ्यापासून पाठीवर पाणीच वाहायचं, आणि रिकामी चकचकीत पाकिटंही परत आणायची. चौघींच्या जेवणांचा हिशोब केला की फरक किलोंमध्ये जातो. वाटेत पाणीच मिळणार नसेल तर ती पाकिटं बरी, हे मान्य. पण या वाटेवर गावं लागतात. तिथे पाणी उकळून देतात, आणि त्याचे पैसे आपण न मागता द्यावेत.

चर्नी रोडला उतरून चालत जा, गाडी लावायला जागा नाही. दुपारी एक ते चार बंद. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या महिन्यात पुड्या बांधून मागितल्या तर काकू दारातूनच परत पाठवतात, तेव्हा फराळाच्या ऑर्डरी असतात. लांबचे ट्रेक तसेही आपण दिवाळी आटोपल्यावरच काढतो.