पदग्रहणाचे झगे आणि मानदंड : नागपूरच्या महाल भागातील एका शिवणघराचा अनुभव

आमच्या खासगी विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांचा पदग्रहण सोहळा गेल्या ऑक्टोबरमध्ये झाला आणि त्यासाठी लागणारे झगे, मानदंड (मिरवणुकीत पुढे धरायचा अधिकाराचा दंड) व पदहार (अध्यक्षांच्या गळ्यात घालायचा पदकाचा हार) करवून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. दीक्षान्त समारंभाचे झगे भाड्याने देणारे नागपुरात मिळतात. पण पदग्रहण हा वेगळा विधी आहे हे ओळखून काम करणारा कारागीर शोधावा लागतो. तो मला महालात भेटला. उच्च न्यायालयाचे खंडपीठ शहरात असल्याने वकिलांचे झगे शिवण्यात या घराच्या तीन पिढ्या गेल्या आहेत.

माप घेण्याआधीच मालकांनी मला विचारले की अध्यक्ष झगा घालूनच मिरवणुकीत येणार, की तो त्यांच्या अंगावर व्यासपीठावर चढवला जाणार. दीक्षान्त समारंभात हा प्रश्न उद्भवत नाही. पदग्रहणात मात्र पोशाख स्वीकारणे हाच विधीचा गाभा असू शकतो. आमच्याकडे तो व्यासपीठावर चढवायचा होता. त्यामुळे त्यांनी झगा पुढून पूर्ण उघडा ठेवला, बाह्या रुंद बेतल्या आणि गळ्याशी एकच आकडा लावला. सभागृहाच्या डोळ्यांसमोर अध्यक्षांचा हात बाहीत अडकला नाही, ही माझ्या दृष्टीने या कामाची पहिली पावती आहे.

झग्याची परंपरा युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतून आली. तेथील थंड दगडी इमारतींत पाद्री आणि विद्यार्थी लांब, जड वस्त्रे वापरत. अमेरिकेत १८९५ मध्ये या पोशाखाचे सामायिक संकेत ठरले. त्यांनुसार डॉक्टरेटच्या झग्याच्या बाह्यांवर मखमलीचे तीन पट्टे असतात, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष पुष्कळदा चार पट्टे लावतात. चार पट्टे आम्ही स्वीकारले, मखमल मात्र नाकारली. ऑक्टोबरच्या उन्हात मखमल आणि पॉलिस्टर अंगावर वागवून दोन तास बसणे ही शिक्षाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही हातमागाचे कापड वापरण्याचे आवाहन केलेले आहे. मालकांनी विदर्भाच्या करवतकाठी टसर रेशमाचा काठ सुचवला आणि करवतीच्या दातांसारखी ती नक्षी चार पट्ट्यांच्या जागी बसवली. आत मलमलीचे अस्तर लावले. पदाचा दर्जा सांगणारी खूण कायम राहिली आणि ती आपल्या मातीतली झाली. इतका नेमका बदल मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मानदंडाच्या बाबतीत मात्र पहिला प्रयत्न फसला. मुळात हे शस्त्र. पुढे ते अधिकाराचे चिन्ह झाले. आपल्या विद्यापीठांत ते बहुधा कुलसचिव मिरवणुकीच्या अग्रभागी धरून चालतात. शिवणघराने भंडाऱ्याच्या ओळखीच्या कारागिराकडून भरीव पितळेचा दंड घडवून आणला. तो देखणा होता, परंतु वजन सात किलोच्या पुढे गेले आणि सरावाच्या वेळी आमच्या कुलसचिवांना तो तिरपा धरून पन्नास पावलेही चालता येईना. मालकांनी वाद न घालता तो परत घेतला आणि सागवानी दांड्यावर पितळी शिरोभाग बसवून बारा दिवसांत नवा दिला. व्यासपीठावर तो आडवा ठेवण्यासाठी लागणारी घडवंची आम्ही सांगितलीच नव्हती. तीही त्यांनी स्वतःहून केली.

सनद, मुद्रा आणि किल्ल्या नव्या अध्यक्षांच्या स्वाधीन करणे ही हार्वर्डची जुनी रीत आहे. तेथील सनद १६५० ची आहे. आम्ही त्यातील मुद्रा आणि किल्ली एवढेच घेतले व त्यांसाठी टसरची लहान गादी शिवून घेतली. ती नीटच झाली.

मला सर्वांत अधिक समाधान एका साध्या गोष्टीने दिले. अशा सोहळ्यात पाहुण्या विद्यापीठांचे प्रतिनिधी आपापल्या संस्थेच्या स्थापनावर्षाच्या क्रमाने चालतात. सर्वांत जुनी संस्था आधी. म्हणजे १९२३ चे नागपूर विद्यापीठ, मग १९८३ चे अमरावती, १९९७ चे रामटेकचे संस्कृत विद्यापीठ आणि २०११ चे गोंडवाना. हा क्रम मी बोलता बोलता सांगितला होता. झगे आले तेव्हा प्रत्येक पिशवीवर संस्थेचे नाव व वर्ष शिवलेले होते आणि पिशव्या त्याच क्रमाने टांगलेल्या होत्या. मिरवणूक लावायला आम्हाला दहा मिनिटेही लागली नाहीत.

पदहाराचे काम मात्र येथे देऊ नये. ते त्यांनी बाहेर एका कोरीव काम करणाऱ्याकडे सोपवले. पदकावरच्या ब्रीदवाक्यातील जोडाक्षर फुटले, दुरुस्तीला आठवडा गेला आणि हार सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी हाती पडला. अध्यक्षांच्या छातीवर झळकणारे अक्षर चुकीचे असणे ही लहान चूक नव्हे. मालकांनी ती मान्य केली आणि त्या कामाची मजुरी घेतली नाही.

प्रतिनिधींच्या झग्याला साडेतीन हजार आणि अध्यक्षांच्या झग्याला अकरा हजार रुपये पडले. हातमागाचे कापड आणि हातशिलाई पाहता मला हा दर रास्त वाटतो. किमान दोन महिने आधी जावे, मिरवणुकीचा क्रम व विधीचा तपशील लिहून न्यावा आणि मानदंड ज्यांच्या हाती असणार आहे त्यांनाच सोबत घेऊन वजन ठरवावे. पदहारासाठी इतवारीच्या सराफ्यात स्वतः जावे व अक्षरांचा नमुना कागदावर तपासूनच कोरीव कामाला परवानगी द्यावी.