टाटा ४०७ या छोट्या ट्रकचं ४९७ इंजिन घरच्या शेडमध्ये खोलून परत बांधलं, पावसाळा आणि लग्नाचा सीझन काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. गाडी मे महिन्यात चालू केली, अख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, मग लग्नाचा सीझन सगळं झालं, आता परत उन्हाळा लागलाय आणि इंजिन एकदम मस्त आहे. दोन सर्व्हिसच्या मधे वरून ऑइल टाकावं लागत नाही, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) धूर येत नाही, सकाळी हाफ सेल्फला उठतं.

आमचं मंडपाचं काम आहे भांडुपला, घराला लागून पत्र्याची शेड, बांबू आणि पाइप एका बाजूला सरकवून तिथेच इंजिन उतरवलं. शेडच्या छताला चेन पुली अजिबात लटकवू नका, ते पाइप पत्र्याचं वजन धरायला असतात, आम्ही जाड लोखंडी पाइपांची तिकाटी करून त्याला एक टनाची पुली लावली. इंजिन म्हणजे ४९७, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ९७ एमएम, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव १०० एमएम, २९५६ सीसी, टर्बो नाही, ईसीयू-बिसीयू म्हणजे कॉम्प्युटर वगैरे काही नाही. ४०७ १९८६ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडला पाहिजे तेवढे मिळतात.

घरी का केलं तर पैसे वाचवायला नाही, खरं सांगतो. मशीनशॉप, पिस्टन-रिंग-लाइनर (लाइनर म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, जिच्यात पिस्टन फिरतो), बेअरिंग, गॅस्केट सेट, पंपवाला, हे पैसे कुठेही केलं तरी जातातच, वाचते फक्त मजुरी. पण गॅरेजमध्ये मागे दुसरी गाडी उभी असते, मिस्त्रीला जागा मोकळी करायची असते, माप घेत बसायला कोणाला वेळ नाही, आणि इंजिनचं आयुष्य त्या मापावरच ठरतं. घरी घाई नाही. नागदेवी स्ट्रीटवरून बोअर गेज आणि मायक्रोमीटर आणला, माझ्या मते सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच.

बोअर एकाच जागी मोजून चालत नाही. वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) लांबीच्या दिशेने एकदा आणि आडवं एकदा. झीज सगळ्यात जास्त वर असते, जिथे वरची रिंग येऊन थांबते तिथे, आणि आडव्या बाजूला जास्त कारण पिस्टन तिकडे दाबला जातो. आमचे लाइनर वर चांगलेच अंडाकार झाले होते, नुसत्या रिंगा बदलल्या असत्या तर चार महिन्यांत परत धूर. म्हणून लाइनर नवीन, बोअर-होनिंग (आतून दगडाने बारीक घासणं) मशीनशॉपवर, क्रँक पहिल्या अंडरसाइजला म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ एमएम कमी ग्राइंड आणि बेअरिंग त्याच मापाच्या. तिथून आल्यावरही सगळं परत घरी मोजलं, बेअरिंगचा गॅप प्लास्टिगेजने (दाबली की रुंदीवरून गॅप कळतो अशी मऊ प्लास्टिकची तार) बघितला, रिंग लाइनरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) एंड गॅप म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट बघितली. एका सिलिंडरला गॅप कमी होता, कानशीने हळूहळू घासून मापात आणला. गॅरेजमध्ये पाकीट फोडून थेट चढवली असती, आणि गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडली की लाइनर गेलाच समजा.

आता धुण्याचं, कारण याच्यावर कोणी बोलत नाही. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची बारीक पूड राहते आणि ती डिझेलने किंवा रॉकेलने निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. आणि मुंबईची हवा अशी की पुसून ठेवलेल्या कोऱ्या बोअरवर डोळ्यादेखत तांबूस गंज धरतो, त्यामुळे सुकवल्या सुकवल्या लगेच ऑइलचा हात फिरवायचा, चहा नंतर.

फ्युएल पंप आणि नोझल घरी उघडूच नका, ते कॅलिब्रेशनच्या बेंचवरच होतं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

रनिंगबद्दल, म्हणजे नवीन बांधलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं त्याबद्दल, मात्र माझं जुन्या मिस्त्री लोकांशी पटत नाही. आमचे मिस्त्रीकाका माणूस सोन्यासारखा, पण म्हणाले "रात्रभर स्लोवर चालू ठेव, आपोआप सेट होईल". मी नाही ठेवलं. रिंग लाइनरवर दाबली जाते ती जळलेल्या गॅसच्या प्रेशरने, स्लोवर ते प्रेशर तयारच होत नाही, उलट लाइनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ऑइल प्यायला लागतो. मी गरम झाल्यावर लगेच अर्धा माल टाकून ठाण्यापर्यंत हायवेने नेली, स्पीड कमी-जास्त करत, इंजिन दमवायचं नाही पण काम द्यायचं. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढलं, फिल्टर कापून आत कण बघितले, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट परत सेट केली. पुढे १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल.

कसारा घाट पूर्ण लोडवर चढवली, पाइप, कनाती, जनरेटर सगळं वर, आधी याच घाटात मागे काळा ढग असायचा आणि टेंपरेचरचा काटा वर जायचा, आता काटा मधेच राहिला. बाबा शेजारी बसले होते, ते पूर्ण घाट एक शब्द बोलले नाहीत, नुसतं इंजिन ऐकत होते, मला त्याचा फार आनंद झाला. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर किती दाट ते मोजायचं एकक) आहे, त्याच्या बरंच खाली आली. मायलेज वाढलं पण थोडंच, त्यासाठी म्हणून कोणी एवढं करू नये.

तक्रार म्हणाल तर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला घाम आहे. थेंब पडत नाही अजून. ते करायचं म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, त्यामुळे क्लच प्लेट बदलू तेव्हाच, तोपर्यंत दर रविवारी खाली वाकून बघतो.