कांद्याच्या परागकोशाचा स्लाइड-संच: आठ जोड्या मोजता येतात का?

बेळगावात प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळणारा हा दहा स्लाइड्सचा संच अर्धगुणसूत्री विभाजनाचा (मायोसिसचा) आहे. यात पेशीची लागोपाठ दोन विभाजने होऊन गुणसूत्रांची संख्या निम्मी होते; टप्प्यांच्या नावांपुढचे १ आणि २ हे त्या विभाजनांचे आकडे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी हायस्कुलांना आणि पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) प्रात्यक्षिकांना तो घेण्यासारखा आहे. मात्र पैसे देण्याआधी दुकानातच मध्यावस्था-१ ची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावायला सांगा.

कारण सगळा विषय त्या एका स्लाइडवर उभा आहे. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, म्हणजे ८ समजात (सारख्या गुणसूत्रांच्या) जोड्या. मध्यावस्था-१ मध्ये त्या जोडीनेच पेशीच्या मध्यभागी येतात. बाजूने दिसणाऱ्या पेशीत त्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. ध्रुवाकडून, म्हणजे टोकाकडून दिसणारी पेशी सापडली तर आठही सुट्या मोजता येतात. अशा तीन-चार पेशी तरी स्लाइडवर हव्यात. या संचात त्या आहेत, आणि रंगही नेमका गुणसूत्रांनीच धरला आहे. कुठली जोडी कोणत्या तोंडाने उभी राहील हे दुसऱ्या जोडीवर अवलंबून नसते. त्यामुळे पारगती (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) बाजूला ठेवली तरी आठ जोड्यांतून २५६ प्रकारची वाटणी होऊ शकते. मुलांना हे फळ्यावर सांगण्यापेक्षा इथे दाखवावे.

पश्चावस्था-१ चांगली आहे: आठ इकडे, आठ तिकडे. संख्या निम्मी होते ती याच टप्प्यात.

पश्चावस्था-२ ची स्लाइड मात्र बदलून मागावी. तिच्यावर दिसतात त्या परागकोशाच्या भिंतीतल्या, साध्या सूत्री विभाजनाच्या (मायटोसिसच्या, ज्यात संख्या निम्मी होत नाही) पेशी. फरक ओळखणे सोपे आहे. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच मधली भिंत तयार होते, म्हणून दुसऱ्या विभाजनातल्या पेशी जोडीने, एकमेकींना चिकटून दिसतात आणि प्रत्येक टोकाला ८ च गुणसूत्रे जातात. एकटी पेशी आणि टोकाला १६ दिसली, तर लेबल चुकले आहे.

पूर्वावस्था-१ च्या पाच पायऱ्यांच्या पाच स्लाइड्सपैकी पॅकीटीन आणि डायकायनेसिस उत्तम. लेप्टोटीन आणि झायगोटीन यांतला फरक शाळेच्या ४५० पट सूक्ष्मदर्शकात नीट कळत नाही. त्यावर वेळ घालवू नये. डिप्लोटीनमध्ये जोडीतल्या दोन गुणसूत्रांना धरून ठेवणारे फुलीसारखे बिंदू दिसतात. पारगती त्याआधी, पॅकीटीनमध्ये झालेली असते. इथे तिची खूण दिसते.

शेवटच्या, चार पेशींच्या स्लाइडवर ‘युग्मके’ असे छापले आहे. ते चूक आहे. त्या चार लघुबीजाणू आहेत. त्यांचे पराग होताना आणि पुढे आणखी सूत्री विभाजने होतात, तेव्हा नर युग्मके तयार होतात. प्राण्यांत अर्धगुणसूत्री विभाजनातून थेट शुक्रपेशी घडतात, वनस्पतींत तसे नाही. हे लेबल शिक्षकांनीच बदलावे.

दोन स्लाइड्सवर डीपीएक्सचा (कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या द्रव्याचा) थर जाड आहे. ४५ पटीचे भिंग त्यावर टेकते, पण प्रतिमा स्पष्ट होत नाही, आणि जोर लावला की काच तडकते. अशी स्लाइड तिथेच परत करा.

पश्चावस्था-२ ची उणीव ताज्या कळ्यांनी भरून निघते. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला हिवाळ्यात डेंगळे (फुलांचे दांडे) येतात. सकाळी गोंड्यातल्या लहान-मोठ्या कळ्या तोडून शेतातच ३ भाग अल्कोहोल आणि १ भाग ग्लेशियल असेटिक आम्लात टाकाव्यात. मिश्रण त्याच दिवशी केलेले हवे. २४ तासांनी त्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. एका फुलात सहा पुंकेसर असतात; त्यातला एक आधी तपासावा. परागकोश पिवळा असेल तर पराग होऊन गेलेले, अगदी काचेसारखा असेल तर विभाजन अजून सुरूच नाही. योग्य टप्पा सापडला की बाकीचे पाच असेटोकार्माइन या रंगाच्या थेंबात फोडावेत, भिंतीचे तुकडे काढून टाकावेत, कव्हरस्लिप ठेवून स्लाइड किंचित गरम करावी आणि टीपकागदाखाली सरळ दाबावी. कव्हरस्लिप आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात.

खानापूरकडच्या पावसात स्लाइड्स उघड्या राहिल्या तर बुरशी धरते. स्लाइड्स आडव्या राहतील असा डबा सिलिका जेलच्या पुडीसह बंद कपाटात ठेवावा.