माळ्यावरचं सामान, एआय आणि खासगीपणा: फोन, लॅपटॉप की होमबॉक्स?

गौरींचे मुखवटे कुठल्या खोक्यात आहेत, हा प्रश्न वर्षातून एकदाच पडतो आणि तेव्हा घाई असते. फोटो पाहून खोक्यात काय आहे ते एआय सांगतं. खोका माळ्यावर आहे की दिवाणात, हे त्याला कळायचा मार्ग नाही. घरातले फोटो बाहेरच्या सर्व्हरवर न पाठवता अशी यादी करायची तर पर्याय तीन: नुसता फोन, लॅपटॉप, किंवा होमबॉक्स हे वस्तूंची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. एआयला जागा कळत नाही, त्यामुळे पर्याय कोणताही घ्या, प्रत्येक खोक्याला क्रमांक हवाच. तो मार्करने, दोन बाजूंना, थेट पुठ्ठ्यावर लिहा. चिकटवलेली लेबलं पावसाळ्यात सुटतात.

नुसता फोन

आयफोन एक्सएस किंवा त्यापुढचा असेल तर फोटोतला मजकूर फोनवरच वाचला जातो. सामान चादरीवर पसरा, क्रमांकाची चिठ्ठी शेजारी ठेवा, फोटो काढा आणि कॅप्शनमध्ये ‘सोऱ्या, झारा, माळा’ असं लिहा. शोधात कॅप्शनही सापडते. पंधरा-वीस खोक्यांच्या घराला एवढं पुरतं. अडचण एकच: आयक्लाउड फोटोज ही ॲपलची सेवा फोनमधले फोटो ॲपलच्या सर्व्हरवर पाठवते आणि तिच्यातून मोजके फोटो वगळता येत नाहीत. ती सेवा चालू ठेवायची असेल तर हा पर्याय बाद.

अँड्रॉइडवर गूगल एआय एज गॅलरी या ॲपमध्ये जेम्मा ३एन हे गूगलचं एआय मॉडेल एकदा उतरवलं की विमान मोडमध्येही, म्हणजे इंटरनेटशिवाय, चालतं. ते एकेका फोटोबद्दल उत्तर देतं, पण सगळ्या खोक्यांची शोधता येणारी यादी ठेवत नाही. ती तुम्हालाच नोट्समध्ये उतरवावी लागते.

लॅपटॉपवर ओलामा

ओलामा हा एआय मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम. पन्नासेक खोके असतील तर हाच मार्ग धरावा. जेम्मा ३ चं ४बी मॉडेल (४बी, १बी ही आकारांची नावं) सुमारे ३.३ जीबीचं आहे. ८ जीबी रॅमवर बाकीचं सगळं बंद करून ते चालतं, १६ जीबीवर निवांत. १बी घेऊ नका, त्याला चित्रं दिसत नाहीत. नावात ‘क्लाउड’ असलेली मॉडेलंही टाळा. ती ओलामाच्या यादीत दिसली तरी दूरच्या सर्व्हरवर चालतात. खात्री करायची तर वाय-फाय बंद करून एक फोटो देऊन पाहा.

हे मॉडेल चित्र ८९६ × ८९६ पिक्सेलवर आणून पाहतं. अख्ख्या माळ्याचा फोटो दिला तर प्रत्येक डब्याच्या वाट्याला थोडेच पिक्सेल येतात आणि मग ते अंदाज ठोकतं. एका फोटोत आठ-दहा वस्तूच घ्या आणि फोटो चौकोनी कातरा. आयफोनचे फोटो एचईआयसी या फाइल-प्रकारात असतात, आधी जेपीजी करून घ्या. टेंपरेचर (उत्तरात किती मोकळीक घ्यायची ते ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवा आणि सूचना द्या: ‘दिसतं तेवढंच लिही, शंका असेल तिथे अनोळखी लिही, उत्तर सीएसव्हीत: खोका, वस्तू, नग.’ सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी.

नग मात्र स्वतः मोजा, एकात एक बसवलेल्या वाट्यांचा हिशेब हमखास चुकतो. सोऱ्या, ओगराळं, कातणं यांना ते नुसतं ‘भांडं’ किंवा ‘अवजार’ म्हणण्याची शक्यता मोठी. घरातले शब्द सूचनेत द्यावेत, पण त्या खोक्यापुरतेच. लांबलचक यादी दिली की त्यातल्या न दिसणाऱ्या वस्तूही उत्तरात येतात.

खासगीपणा जातो तो बहुधा मॉडेलमुळे नाही, फोटो आपोआप सर्व्हरवर चढवणाऱ्या फोनच्या बॅकअपमुळे. तो आधी बंद करा, फोटो केबलने लॅपटॉपवर घ्या, फोनमधून पुसा, मगच पुन्हा चालू करा. सर्व्हरवर गेलेले फोटो बॅकअप नंतर बंद करून परत येत नाहीत.

होमबॉक्स

यात फोटो ओळखणारं एआय नाही. ही मुक्त-स्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, वस्तुनोंद आहे. घरात चार जण शोधणारे असतील तर लॅपटॉपवरची सीएसव्ही यात भरावी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डॉकरमधून (सर्व्हरवरची सॉफ्टवेअर चालवायची एक प्रणाली) चालतं, पोर्ट ७७४५. प्रत्येक जागेचा क्यूआर कोड छापता येतो. त्या कोडमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो, म्हणून छापण्याआधी राउटरमध्ये पायचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला पत्ता, कायमचा राखून ठेवा. पत्ता बदलला की सगळे स्टिकर वाया. घरच्यांची खाती झाली की नवी नोंदणी बंद करा.

डॉकर हाताळणारं घरात कोणी नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडूनही काम होतं.

विम्यासाठी यादी हवी असेल तर

२०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंतचं सर्वसाधारण सामान तपशील न देता धरलं जातं. त्याहून जास्त हवं असेल तर तपशील द्यावा लागतो. तिथे टीव्ही-फ्रिजचे सिरियल नंबर मॉडेलकडून वाचून घेतले तरी अंक न् अंक स्वतः ताडून पाहा. ८ आणि बी, ० आणि ओ यांत गल्लत होते. यादीची एक प्रत पासवर्ड घातलेल्या पेनड्राइव्हवर घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा. लॅपटॉपच चोरीला गेला तर त्यातली यादी दाव्याच्या वेळी हाताशी नसेल.